तुआसच्या पुलावर

सिंगापूरला मुलाकडे आलेल्या भाऊसाहेबांना उज्ज्वल रविवारी सकाळी मलेशिया दाखवायला घेऊन निघाला. पासपोर्टवर शिक्के मारून गाडी तुआसच्या पुलावर आली, तेव्हा खालच्या खाडीवर धुकं साचलं होतं. कठडे दिसेनासे झाले, पलीकडचा देशही दिसेना. गाडी जणू पाण्यावरूनच तरंगत चालली होती. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि मांडीवरचे त्यांचे हात आपसूक, संथपणे वल्हं मारू लागले.

ते पाहून उज्ज्वलला गावाकडची नाव आठवली. बाबांनी वीस वर्षं गोदावरीवर नाव चालवली होती. मग गावाला पूल झाला, नाव काठावरच कुजली आणि बाबा दुसऱ्यांच्या शेतात राबू लागले. त्यांचाच मुलगा आज पूल बांधणारा इंजिनिअर होता. याबद्दल तो त्यांच्याशी कधी धड बोलला नव्हता.

"बाबा, पुलांचा राग येतो का हो तुम्हाला?"

भाऊसाहेबांनी डोळे उघडले. "राग कशाचा? आपल्या पुलासाठी कलेक्टर कचेरीत अर्ज मीच दिला होता. सहा वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं मंजूर झाला."

उज्ज्वलने गाडीचा वेग कमी केला. "तुम्ही? पण नाव तर तुमचीच होती ना!"

"होती की. पण पूर आला की ती महिना महिना बंद राहायची," भाऊसाहेब धुक्याकडे बघत म्हणाले, "आणि तुझी शाळा पलीकडच्या काठाला होती."