खारफुटीची दुसरी कॅसेट

"पुसू ना?" रेकॉर्डिंगवाल्या कुंडलिकने विचारलं. त्याचं बोट मशीनच्या लाल बटणावर होतं.

"पूस," दशरथ म्हणाला.

मशीनवर पट्ट्या, म्हणजे ट्रॅक, चारच. एकीवर ड्रम, दुसरीवर गिटार, तिसरीवर बेस आणि चौथीवर सहदेवचा रफ आवाज. रफ म्हणजे कच्चा. वाजवणाऱ्यांना गाणं कुठवर आलंय ते कळावं म्हणून कुणीतरी नुसतं म्हणायचं. मग त्याच पट्टीवर खरा गाणारा गातो आणि रफ आपोआप पुसला जातो. 'खारफुटी' बँडचा खरा गाणारा दशरथ. ड्रमही त्याचेच. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून शहाऐंशी सालच्या पहिल्या कॅसेटलाही रफ सहदेवनेच म्हटला होता. तो ड्रमला खेटून उभा राहायचा, दशरथकडे बघत म्हणायचा आणि त्यावरून कुंडलिकच्या शिव्या खायचा. या वेळीही सगळं ठरल्याप्रमाणेच चाललं होतं. फक्त मधल्या मध्ये सहदेव कावीळ होऊन आठ दिवसांत गेला.

"आधी कॅसेटवर उतरवून ठेवू का? पाच मिनिटांचं काम आहे यार," कुंडलिक म्हणाला.

"कशाला? बेसूर तर होता."

कुंडलिकने बटण दाबलं.

दीड दिवसात आठ गाणी झाली. दशरथ कुठेही न चुकता गायला. मध्ये वडापाव खाल्ला, त्याची चव लागली नाही. गेले दोन महिने त्याचं हे असंच चाललं होतं. स्मशानात सगळी पोरं ढसाढसा रडत होती आणि हा बाहेर काढलेल्या चपला बघत बसला होता. विक्रोळीच्या कॉलनीत बायका म्हणाल्या, दगड आहे मेला, एवढा जिगरी दोस्त गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही. दशरथने ते ऐकलं. त्याला वाटलं, खरंच आहे की.

तिसऱ्या दिवशी दुपारी सहदेवची आई अंधेरीला आली. दोन बस बदलून, विचारत विचारत. स्टुडिओ म्हणजे एका बंगल्यामागचं गॅरेज, तेही सापडता सापडत नाही. कॅसेटच्या कव्हरसाठी मुलाचा फोटो हवा होता, तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता.

"काकी, मी आलो असतो ना घ्यायला," दशरथ म्हणाला.

"फोटोचा निमित्त रे." वनमालाकाकी स्टुलावर टेकली. पदराने तोंड पुसलं. "सहदेवचो आवाज आसा मा ह्येच्यात? घरात तेका कधी गावूक मिळाला नाय. ह्येंची रातपाळी, दिवसा झोपत. माझो झील गाता कसो, ता माका म्हायतच नाय."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच दशरथला काहीतरी टोचलं. पाच मिनिटांचं काम होतं. त्याने कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकने मान खाली घातली.

"काकी," दशरथ म्हणाला, "तो आवाज मी पुसला. माझ्या हाताने पुसला म्हणा."

काकी त्याच्याकडे बघतच राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरां" म्हणाली आणि पिशवीची घडी घालू लागली.

"थांबा, थांबा," कुंडलिक एकदम उठला. "मी त्याला शिव्या कशासाठी घालायचो, दशरथ? ड्रमला चिकटून उभा राहतो म्हणून! तुझ्या ड्रमच्या माईकमध्ये त्याचा आवाज शिरायचा रे!"

त्याने गिटार बंद केली, बेस बंद केला, दशरथचा आवाजही बंद केला. नुसते ड्रम लावले.

आधी फक्त धबधब ऐकू आली. मग तिच्या मागून, शेजारच्या घरात कुणी गात असावं तसा, सहदेव. बारीक, घाईघाईत, एक सूर वर आणि एक खाली. काकीने उठून स्पीकरवर तळहात ठेवला.

"अरे मेल्या, बापाशीसारखोच बेसूर गातंस रे!" ती म्हणाली आणि हसली. हसता हसताच तिचे डोळे वाहायला लागले.

दशरथ कोरडाच उभा होता. गाणं संपत आलं. शेवटचा ठोका पडला. एरवी टेप ऐकवताना कुंडलिक इथेच मशीन थांबवायचा. आज त्याचा हात उठला नाही. टेप फिरत राहिली. आणि अगदी माईकजवळून, हसत हसत, सहदेव बोलला,

"झकास, दश्या! आता माझं पुसून टाक आणि तू गा."