मान वर

दारूच्या भांडणात आमच्या लोतोच्या हातून पलीकडच्या गल्लीतला पोरगा मेला. ऑकलंडच्या तुरुंगात मानसतज्ज्ञ बाईंसमोर तो मान खाली घालून बसायचा, कारण आम्हा सामोअन लोकांत मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालणं म्हणजे निव्वळ माज. बाई म्हणायच्या, "नजर चोरतोयस. म्हणजे तुला पश्चात्तापच झालेला नाही." झालं, सुटका आणखी लांबली.

मग बाईंनीच त्याला धडे दिले. मान वर, नजर समोर, मग माफी. भेटीला गेले की माझ्याकडेही टक लावून बघायचा.

"मोठ्या बहिणीवर डोळे वटारतोस होय रे?"

"सवय करतोय गं ताई. सुटायचंय ना!"

सुटला. दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही सगळं घर त्या पोराच्या बापाच्या, तुइलांच्या अंगणात जाऊन बसलो. सगळ्यांच्या पुढे लोतो, डोक्यावरून घरातली सगळ्यात मानाची चटई पांघरून. आमची रीतच तशी. चटई काढून त्यांनी गुन्हेगाराला हाताला धरून उठवलं, तर वैर मिटलं.

ऊन चटकायला लागलं तरी दार बंदच. शेवटी तुइला बाहेर आले. रडत रडत त्यांनी चटई उचलली.

लोतोने मान वर केली आणि थेट त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मला माफ करा, काका."



तुइलांनी चटई परत त्याच्या डोक्यावर टाकली.