साहेबाच्या वाट्याची कणसं

"हात मांगे ले," चुनीलाल पाटील ओसरीवरूनच गरजले.

त्यांच्या बायकोचा, जसोदाबाईंचा हात कणसापाशी थबकला. असा मका लोणखेड्यात कुणी पाहिला नव्हता. गोऱ्या कलेक्टर साहेबानं दिलेलं विलायती बी, परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं. दाणा नखानं दाबला की दूध उडे, आणि ते म्हणे साखरेसारखं गोड. म्हणे एवढ्यासाठी, की घरात अजून कुणी चाखलं नव्हतं.

"साहेबना बटलरनी सांगेल शे, दूधमा शे तवलगच खावानं," जसोदाबाई म्हणाल्या.

"पहिलं कनीस साहेबना हातमा. मंग आपलं."

तालुका बोर्डाची एक खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे जायची वाट साहेबाच्या जिभेवरून जाते, असा पाटलांचा पक्का हिशेब होता.

राखणीला त्यांनी मुद्दाम डोंगरातला रूपसिंग पावरा ठेवला. त्याच्या लोकांत नवं पीक आधी देवाचं. देवाच्या थानावरच्या मातीच्या घोड्यांपुढे कणीस ठेवल्याखेरीज कुणी दाणा तोंडात टाकत नाही. असा राखणदार तोंड बांधूनच मिळतो. तरी पाटील त्याला येता-जाता डिवचत, "का रे रूपसिंग, मातीना घोडा कनीस खाई का?"

रूपसिंग नुसता हसे.

साहेब पोळ्याला येणार होता. गोमाई नदीला पूर आला, दौरा लांबला. रूपसिंग गावी जाऊन, देवाला नवं कणीस वाहून नवाई करून, पोटभर कणसं खाऊन परत आला. साहेबाचा पत्ता नव्हता. दाण्यातलं दूध आटलं, मग दाणेच सुरकुतले. पाटलांनी एक कणीस तोडू दिलं नाही.

दसऱ्यानंतर साहेब आला. पाटलांनी चांदीच्या ताटात भाजलेली कणसं पुढं केली. घोड्यावर बसूनच साहेबानं एक चावलं, गाल धरला आणि कणीस घोड्याच्या तोंडापुढे केलं. घोडा कडाकडा चावू लागला.

"वेल पाटील, आमचा घोडा फार खूश आहे. आणखी आणा."

सगळं परस तोडून झालं. खुर्चीचं नाव न काढता साहेब शहाद्याकडे निघून गेला.

जसोदाबाई रिकामं ताट उचलून आत गेल्या. पाटलांना तेच जड गेलं. राग कुणावर तरी निघायला हवा होता.

"हासू नको, रूपसिंग. आमना साहेबना घोडा जित्ता तरी शे. कनसे खाई तरी गया."

रूपसिंग कणसांची सोललेली सोपटं गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "मातीना घोडा खात नई, पाटील. म्हनीसन कनसे आमले उरतस."