यजमान संघ

फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारून झाल्या, दोन्ही गोलना जाळ्या बांधून झाल्या, आणि मग विद्यापीठ समितीच्या सरांनी कॅप्टन वैजयंताला गाठलं.

"यंदा विभाग नव्याने पाडलेत ना, त्यात तुमचा विभाग कच्चा ठरला. म्हणून अंतिम फेरीत तुम्ही नाही. पण मैदान तुमच्याच कॉलेजचं आहे, तेव्हा तुझ्या पोरींना बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायला उभं कर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सर, आम्ही एकही मॅच हरलो नाही. आणि त्या विभागात आम्हाला ढकललं कुणी? तुम्हीच की! लावा आमची कुणाशीही मॅच, आत्ता."

"गरज काय? कुणात किती दम आहे ते समितीला न खेळवताही कळतं."

वैजयंता वळली. तरातरा गोलपोस्टकडे गेली आणि जाळीच्या गाठी सोडू लागली. ते बघून पलीकडच्या पोस्टला बाकीच्या पोरी भिडल्या.

"अगं ए!" सर ओरडले. "जाळीशिवाय गोल झाला का नाही ते कळणार कसं?"

वैजयंताने जाळी खांद्यावर टाकली. "न खेळवता कळतंय की तुम्हाला. मग जाळी कशाला?"