पाहुण्यांपुरता फ्रिज

दोन हजार अठरा साली पालीत घरकुलाची पाहणी आली, तेव्हा रतनबाईच्या कुडाच्या घरात लेकीला बघायला कामथडीचे पाहुणे बसले होते. त्यांच्यासमोर कमीपणा नको म्हणून तिनं शेजारच्या गेनबाचा फ्रिज आणून ठेवला होता. ग्रामसेवक उंबऱ्यातच थांबला. “मावशी, फ्रिज तुमचा? मग घरकुल नियमात बसत नाही.” पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. पाहुण्यांबरोबर बसलेला गेनबा मधेच बोलला, “सायेब, त्यो तर...” “आमचाच हाय,” रतनबाई म्हणाली. “गेनबाभाऊजी, तुमी गुमान च्या घ्या.” ग्रामसेवकानं फ्रिजचा फोटो काढला आणि यादीतलं नाव खोडलं. लग्न जमलं. गेनबा पुढं दोन वर्षांनी वारला. ग्रामसेवक बदलून भोरला गेला. लेकीला सासरी स्वतःच्या नावावर घरकुल मिळालं. रतनबाई तिला भेटायला जाते, पण लेकीच्या घरी आईनं मुक्काम करू नये म्हणून दिवस मावळायच्या आत एसटीनं आपल्या कुडाच्या घरात परतते.