उलटा बाण

राजदीपच्या मोटारसायकलचं पुढचं चाक काढायला अय्युब खाली बसला आणि पाना त्याच्या हातातच राहिला. चाक कोणत्या दिशेनं फिरायचं ते दाखवणारा बाण टायरच्या कडेवर असतो. इथं तो बाण मागं तोंड करून होता.

टायर असा उलटा चढवला की पावसात त्याच्या खाचा पाणी बाहेर फेकायचं सोडून मधेच गोळा करतात, मग ब्रेक दाबला की गाडी हातात राहत नाही. कोणत्या गाढवाचं हे काम, अशी शिवी अय्युबच्या तोंडाशी आली. तेवढ्यात वॉल्व्हजवळ पिवळा ठिपका दिसला. पाचोऱ्यात दुसऱ्या कुणाचं वाकडं काम आपल्या नावावर नको, म्हणून स्वतः चढवलेल्या प्रत्येक टायरला तो ठिपका अय्युबच लावायचा.

“नुसतं पंक्चर काढा, चाचा,” राजदीप म्हणाला. “गाडी विकतोय. मृणाली मागं बसतच नाही.”

गेल्या पोळ्याच्या गर्दीत अय्युबनं हा टायर चढवला होता. आठ दिवसांनी गिरणेच्या पुलावर, भर पावसात, ही दोघं नवराबायको गाडीवरून पडली. मृणालीच्या पायात रॉड टाकावा लागला. तेव्हापासून ती भडगावच्या शाळेत शिकवायला एसटीनं जायची.

“ती म्हणते, तू जोरात होतास. काटा चाळीसच्या वर नव्हता, चाचा. पण आता मलाही वाटतं, जोरातच असेन.”

अय्युबच्या मनात आलं, टायर गपचूप सुलटा करायचा, ठिपका पुसायचा, की झालं. त्यानं ठिपक्यावर अंगठा घासलाही. रंग पक्का होता.

“जोरात नव्हतास तू,” तो शेवटी म्हणाला. “टायर मी उलटा चढवला होता. हा बघ बाण.”

राजदीपनं वाकून बाणावरून बोट फिरवलं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर अय्युबला बरं वाटलं असतं.

“घरी येऊन तिला सांगाल?” एवढंच तो म्हणाला. “माझं तिला खरं वाटायचं नाही.”

अय्युबनं पंक्चर काढून टायर सुलटा बसवला, दुकानाचं शटर ओढलं. राजदीपच्या मागं बसायला गेला तर पायदान उघडेना. वर्षभर त्यावर कुणाचा पाय पडला नव्हता. पान्यानं तीनचार ठोके घातले, तेव्हा कुठं पाय ठेवायला जागा झाली.