राजासॉरसची ग्रेड

"जनावर टेबलावर ठेव, आन तू दाराजवळ उभा राय," खुशालराव म्हणाले.

जानरावांनी शेला सोडला. आतून निघालेला राजासॉरस डायनोसॉर दीड हात लांब होता, काळ्या मातीचा, उन्हात वाळवलेला. मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत तो एसटीत त्यांच्या मांडीवर बसून आला होता, आणि कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं म्हणे. तिकीट मात्र जानरावांनी कोणाला दाखवलं नाही.

बैठकीतल्या काचेच्या कपाटात एकेचाळीस डायनोसॉर उभे होते. रेझिनचे, पितळेचे, एक तर थेट जर्मनीहून मागवलेला. प्रत्येकाच्या पायाशी चिठ्ठी: अ, ब, नाहीतर क. 'अ' दोघांनाच. त्या घरात पाल टिकत नसे. खुशालरावांच्या पत्नी इंदूबाई म्हणत, कपाटातल्या आपल्या खानदानाची रोजची बेइज्जती पालीले पाहवत नाई. खुशालराव कापूस खरेदी केंद्रावरचे निवृत्त ग्रेडर. चिमूटभर कापूस ओढून गाडीभर मालाचा निकाल लावण्यात तीस वर्षं गेलेली. भिंग तेवढं नवीन होतं, कपाळावरची आठी जुनीच.

अमरावतीच्या एका शाळेच्या अंगणात सात डायनोसॉर उभे राहायचे होते. ते कोणी घडवायचे, हे ठरवायचं काम शाळेनं या कपाटाकडे बघून खुशालरावांवर सोपवलं होतं, आणि सारं त्यांच्या चिठ्ठीवर होतं. 'अ' मिळाला तर वर्षभराचं काम. नाहीतर जानरावांना पोळ्याचे मातीचे बैल होतेच.

"तू डायनोसॉर पाह्यला कधी?"

"तुमी पाह्यला?"

चहा घेऊन आलेल्या इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला.

खुशालराव भिंग घेऊन वाकले. शेपूट जमिनीला टेकलेली नव्हती. तळहात आत वळलेले होते. कपाळावरचं शिंग हवं तेवढंच बुटकं होतं. दोष सापडेना, तसा त्यांचा आवाज चढत गेला.

"गळ्याखाली ही कातडी काहून लोंबून राह्यली?"

"मान वळवली का मास कुठंतरी गोळा होतेच. माह्या बैलाचं होते."

"हा बैल नाई."

"त्याले कोठं मालूम हाय ते."

"डाव्या पायावर जास्ती भार देल्ला तू. चूक हाय."

"उजव्यात काटा हाय त्याच्या."

खुशालरावांनी जनावर उलटं केलं. उजव्या तळव्यात खरंच काटा होता. बाभळीचा, मातीचाच, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी जनावर सरळ केलं ते जरा जपून.

मग ते कातडीकडे वळले आणि तिथेच थांबले. वऱ्हाडातली काळी माती वाळली की भेगाळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जानरावांच्या शिवारात एका उन्हाळ्यात बकरी भेगेत गेली होती, ती तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून वर आली. या अंगावर मात्र केसाएवढी भेग नव्हती.

"रंगानं बुजवल्या तू."

"रंग लावलाच नाई."

"मंग आत सिमेंट हाय."

"नाई."

खुशालरावांनी कपाटाकडे पाहिलं. जर्मनीवाला त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी चिठ्ठी ओढली, 'अ' लिहिला, सही ठोकली. पण चिठ्ठी खिशात ठेवली.

"आतून पाह्यल्याबिगर मी ग्रेड देत नाई. वरून सारेच गोरे असते."

"ठाऊक हाय," जानराव म्हणाले. "कापसाच्या ढिगात खांद्यापावतर हात घालता तुमी."

खुशालरावांनी पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओळख काही पटली नाही. त्यांनी दोन्ही हातांनी शेपूट धरली आणि कट्कन मोडली.

"अवं," इंदूबाई म्हणाल्या, "काय केलं हे."

शेपूट मोडली, पण हातात आली नाही. लोंबत राहिली. काळ्या मातीच्या पोटातून पांढरे तंतू निघाले होते, शेकड्यांनी, आणि त्यांनी तिला धरून ठेवलं होतं.

खुशालरावांची बोटं आपोआप पुढे गेली. चिमूट ओढली, दोन अंगठ्यांत धरून ताणली, खिडकीच्या उजेडात धरली.

"धागा आखूड," ते म्हणाले. "फरदडीचा माल, शेवटच्या वेच्याचा. डागील. कोन घेईन हा?"

"तवाई हेच म्हनले होते तुमी. मूर्तिजापूरले, भर रांगेत. कापसाची सारी ट्रॉली वापस केली माही." जानराव दाराजवळून हलले नव्हते. "सरकी काढली, पिंजला, मातीत मळला. लांब धाग्याच्या गुठळ्या होतात, साहेब. मातीले आखूडच लागते, मंग भेग पडत नाई. दोन सालं झाले, सरून नाई राह्यला."

खुशालरावांनी कापसाची चिमूट टेबलावर टाकली, खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावरचा 'अ' खोडला. इतका दाबून, की कागद फाटला. वर 'क' लिहिला आणि चिठ्ठी टेबलावर आपटली.

इंदूबाईंनी ती उचलून वाचली. राजासॉरसच्या पायाशी नाही, कापसाच्या त्या चिमटीखाली ठेवली.

"हे कापसाचं झालं," त्या म्हणाल्या. "आता जनावराचं लिहा."

खुशालरावांनी दुसरी चिठ्ठी ओढली. पेन काही कागदाला टेकेना. जानराव दारात तसेच उभे. कोणी चहाला हात लावला नव्हता. कपावरची माशी उठली, कपाटाच्या काचेवरून एक चक्कर मारून आली आणि काटा लागलेल्या त्या राजासॉरसच्या पाठीवर बसली.

वरून पंख्याचा वारा आला. मोडकी शेपूट हलली, बैलाची हलावी तशी.

माशी उडाली.